पणजोबांचे शेत आणि गावचे चर्च पाहण्यासाठी नवापूर तालुक्यात जायचे आहे. तयारी कशी करावी?

प्रश्न : पुण्याची नात

नमस्कार. माझ्या आईचे माहेर नवापूर तालुक्यातील एका लहान गावचे आहे. आईचे आजोबा तेथे शेती करीत आणि रविवारी गावच्या चर्चमध्ये शास्त्रवाचनही त्यांच्याकडेच असे. माझे आजोबा शिक्षकाची नोकरी लागल्यावर नाशिकला आले, पुढे कुटुंब पुण्यात स्थिरावले आणि आजी वारल्यानंतर गावाकडचे जाणे-येणे जे थांबले ते थांबलेच. आता आई पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे आणि तिला एकदा ते शेत व ते चर्च पाहायचे आहे. गाडी आमचीच असेल. आई, मी, माझे यजमान, भाऊ-भावजय आणि मुले असा सगळा लवाजमा निघणार आहे.

आईला आठवते ते इतकेच : शेताच्या बांधावर मोहाची झाडे होती, खाली उतरले की नदी लागत असे, आणि चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली होती, जिच्या दारात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे व तोच घंटा म्हणून वाजवीत. पणजोबांचे नाव घरात ‘याकोब’ असे सांगितले जाते. शेताचा सर्व्हे नंबर कोणालाही ठाऊक नाही. ऑनलाइन सातबारा शोधून पाहिला, परंतु त्या गावात ‘याकोब’ नावाचा एकही खातेदार सापडत नाही. (इंटरनेटवर नवापूर शोधले की २००६ मधील बर्ड फ्लूच्या बातम्याच आधी पुढे येतात, हे वेगळेच.)

जमिनीवर आमचा कोणताही दावा नाही आणि करायचाही नाही. जागा कोणती ती नक्की कळावी आणि आईला तेथे उभे राहता यावे, एवढाच हेतू आहे. शेताचा माग कसा काढावा, चर्चच्या जुन्या नोंदी कोठे मिळतील, आणि वयस्कर माणसाला घेऊन कोणत्या रस्त्याने व कोणत्या महिन्यात जावे, याबद्दल त्या भागातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुने दप्तर

ताई, माझी सारी नोकरी महसूल खात्यात, खानदेशातच झाली. त्या अनुभवावरून सांगतो की ‘याकोब’ सापडला नाही म्हणून निराश होऊ नका, कारण तो त्या नावाने सापडण्याची शक्यता मुळातच कमी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव चर्चमध्ये व घरात चालत असे. सरकारी दप्तरात मात्र बहुधा जन्मनावच राहिले. शिवाय जुन्या नोंदींत आडनाव लिहिण्याची पद्धत नव्हती. ‘अमका वलद तमका’ किंवा ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, एवढेच असे. म्हणून आईकडून, किंवा तिच्या पिढीतील कोणी चुलत-मावस नातेवाईक हयात असतील तर त्यांच्याकडून, पणजोबांचे मूळ नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव आधी मिळवा. ही दोन नावे हाती नसतील तर कितीही उतारे काढले तरी उपयोग होणार नाही.

दुसरी गोष्ट जिल्ह्याची. १९०६ पर्यंत सारा खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तुमचे पणजोबा, आजोबा आणि आई एकाच घरात जन्मले असले तरी त्यांच्या कागदांवर वेगवेगळ्या जिल्ह्यांची नावे दिसू शकतील. काही जुने दप्तर नंदुरबारला, काही धुळ्याला आणि काही तहसीलच्या अभिलेख कक्षात, अशी विभागणी असते; एका ठिकाणी ‘नाही’ म्हटले म्हणजे कागद अस्तित्वातच नाही, असे समजू नये.

आता शेताविषयी. सर्व्हे नंबर समजला तरी तो आजचा क्रमांक असेलच असे नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जेथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. कोणत्या सर्व्हे नंबराचा कोणता गट झाला हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या कागदांवरून कळते. तेथून आजचा गट नंबर मिळाला की सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदींचे क्रमांक, पाहावेत आणि एकेक फेरफार मागे मागे वाचत जावे. वारसाच्या फेरफारात मृत खातेदाराचे नाव, मृत्यूचा काळ आणि वारसांची नावे असतात. विक्रीच्या फेरफारात जमीन कोणाकडे गेली ते असते. वारसाच्या जुन्या नोंदींत बऱ्याचदा थोरल्या भावाचेच नाव ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लावलेले आढळते, त्यामुळे तुमच्या आजोबांचे नाव न दिसता त्यांच्या भावाचे दिसले तर दचकू नये.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला सर्वजण कोतवाल बुक म्हणतात, ते तहसील कार्यालयात पाहता येते. त्याहून सोपा आणि दुर्लक्षित मार्ग म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आजोबा शिक्षक झाले म्हणजे ते कोणत्या तरी शाळेत शिकले असणारच. तेथे त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव एकाच ओळीत मिळून जाईल. कागदांचे काम प्रवासाआधी उरकावे आणि आईला कार्यालयांच्या बाकांवर बसवू नये. सापडलेले उतारे मात्र गावात जाताना सोबत ठेवावेत, म्हणजे बांध ओळखणे सोपे जाईल.

उत्तर : रंगावलीकाठ

मी नवापूरचा आहे आणि आमचे घराणेही तीन पिढ्यांपासून मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आहे. वरील उत्तरातील शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. ताई, सातबारा हातात घेऊन गावात पाऊल ठेवू नका.

शहरातून गाडी आली, त्यातून माणसे उतरली आणि त्यांनी कागद उघडून बांध पाहायला सुरुवात केली, तर जो माणूस आज ती जमीन कसतो त्याच्या पोटात गोळा येतो. आमचा भाग आदिवासी आहे. येथे आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आणि त्याखालची प्रकरणे लोकांनी घराघरांत पाहिलेली आहेत. जमिनीचा जुना कागद दिसला की पुढे तारखा आणि वकील येतात, हे येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. तुमचा हेतू निर्मळ असला तरी तो कपाळावर लिहिलेला नसतो. उतारे पुण्यातच वाचा, गट नंबर लक्षात ठेवा, कागद पिशवीत राहू द्या. आधी पोलीस पाटलांना किंवा मंडळीतील वडिलांना फोन करा, ‘आमच्या आईला तिच्या आजोबांचे गाव पाहायचे आहे’ एवढेच सांगा, आणि शेतात जाण्यापूर्वी ते कसणाऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या. मग तोच तुम्हाला मोहाच्या झाडापर्यंत नेईल आणि झाड तोडले असेल तर ते कोठे होते तेही दाखवील.

चर्चविषयी. आमच्या पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली मिशने प्रामुख्याने अलायन्स परंपरेची होती. त्यांपैकी एक म्हणजे फ्रेडरिक फ्रॅन्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, ज्याचे नाव १९४९ मध्ये द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन असे झाले. स्वीडिश अलायन्स मिशनचे कामही याच पट्ट्यात होते. ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गाजवळ त्यांची ठाणी, म्हणजे मिशनची मुख्य केंद्रे, असत आणि आसपासच्या पाड्यांवरील लहान मंडळ्या त्या ठाण्यांशी जोडलेल्या असत. आईने सांगितलेला रुळाचा तुकडाही त्या रेल्वेचाच असावा, असे मला वाटते. तुमच्या कामाचा मुद्दा असा की पाड्यावरच्या चर्चमध्ये जुनी नोंदवही बहुधा नसते. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठाण्यावरील मुख्य मंडळीत ठेवल्या जात. म्हणून गावच्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) विचारताना ‘तुमची मंडळी पूर्वी कोणत्या ठाण्याखाली होती’ हा प्रश्न आधी विचारा. चिंचपाड्याला मिशनने सुरू केलेले ख्रिस्ती रुग्णालय आहे. कुटुंबातील कोणाचा जन्म तेथे झाला असेल तर आईला ते आठवत असेल.

नोंदवही मिळाली तर पाळकांच्या समोर बसून पाहावी आणि फक्त आपल्या घरच्या नोंदीचे छायाचित्र घ्यावे. एकाच पानावर शेजारच्या चार घरांचीही माहिती असते, आणि धर्मांतराच्या तारखा हा आजच्या दिवसांत सर्वांना उघड करण्याचा विषय राहिलेला नाही.

इमारत जुनीच असेल अशी अपेक्षा मात्र आईला ठेवू देऊ नका. कौलारू चर्चे बहुतेक ठिकाणी पाडून तेथे स्लॅबची बांधली गेली आहेत. दफनभूमीतही जुन्या कबरींवर नावाचा दगड क्वचितच आढळतो. लाकडी क्रूस वाळवीने खाल्लेले असतात आणि उरते ते दगडांचे ओटे, ज्यांतील कोणता कोणाचा हे गावातील एखादी आजीच सांगू शकते. त्यामुळे रविवारी जा आणि उपासनेला बसा. उपासना संपल्यावर पाळक पाहुण्यांची ओळख करून देतात; त्या वेळी आईने स्वतःच्या आजोबांचे नाव उच्चारले की पाठीमागच्या रांगेतून कोणी तरी उठून येईल, हे मी खात्रीने सांगतो. एकच सूचना : जन्मनाव आणि बाप्तिस्म्याचे नाव अशी दोन्ही सांगा.

आणखी एक. तुमचे सगळेच भाऊबंद ख्रिस्ती असतील असे गृहीत धरू नका. आमच्याकडे एका घरातील एक भाऊ मंडळीत आणि दुसरा आदिवासींच्या देवमोगरा मातेच्या यात्रेला जाणारा, हे नेहमीचे आहे, आणि लग्नकार्यात दोघेही एकाच मांडवात असतात. चर्चमध्ये माग लागला नाही तर तो त्या दुसऱ्या भावाच्या घरी लागेल. तेथेही तितक्याच आदराने जा.

प्रतिसाद : पुण्याची नात

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आईशी सविस्तर बोलले. पणजोबांचे जन्मनाव तिला ठाऊक नाही, परंतु सुरतेजवळ राहणाऱ्या तिच्या मावसबहिणीला ते ठाऊक असण्याचा संभव आहे; तिला आजच पत्र आणि फोन दोन्ही करीत आहे. कागद पिशवीत ठेवण्याची सूचना पटली. दप्तरकाकांना विनंती की त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या माहितीखेरीज पिशवीत ठेवायलाही काही मिळाले नसते.

एक नवी शंका मात्र उद्भवली आहे. आई म्हणते की तिच्या लहानपणी ‘धरणात जमीन जाणार’ अशी चर्चा मोठ्या माणसांत होत असे. तसे झाले असेल तर जाण्यात अर्थ आहे काय?

उत्तर : जुने दप्तर

गैरसमज मुळीच नाही. रंगावलीकाठ यांचे म्हणणे बरोबर आहे, मी कार्यालयाच्या बाजूने विचार केला होता.

धरणाची चर्चा उकाईची असणार. तापीवरील ते धरण गुजरातेत आहे आणि १९७२ मध्ये पूर्ण झाले, तरी त्याच्या साठलेल्या पाण्याचा फुगवटा नवापूर तालुक्याच्या काही भागात येतो. जमीन संपादित झाली असेल तर सातबाऱ्यावर सरकारचे किंवा पाटबंधारे खात्याचे नाव दिसेल आणि संपादनाचा फेरफारही असेल. मोबदला कोणाला मिळाला हे भूसंपादनाच्या निवाड्यात लिहिलेले असते. तुमच्या दृष्टीने तो निवाडा फार मोलाचा आहे, कारण त्यात शेतातील झाडे आणि विहिरी मोजून मांडलेल्या असतात. बांधावर मोहाची झाडे किती होती हे तेथे आकड्यांत मिळू शकेल. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडीत जमिनीचा काही भाग उघडा पडतो आणि लोक त्यावर पीकही घेतात, त्यामुळे सारेच गेले असे आताच धरू नका.

उत्तर : साक्रीचा वाटसरू

शेताचे आणि चर्चचे वरच्या दोघांनी सांगितले आहे, मी फक्त रस्त्याचे सांगतो. पुण्याहून नाशिक, सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर आणि चरणमाळ घाट उतरून नवापूर हा मार्ग जवळचा आहे. परंतु चरणमाळच्या वळणांवर अपघात होत असतात आणि आईंना वळणांचा त्रास होत असेल तर तो टाळलेला बरा. धुळे, साक्री, दहिवेल, कोंडाईबारी आणि विसरवाडी हा सुरत-नागपूर महामार्गाचा रस्ता लांबचा असला तरी वयस्कर माणसाला तोच मानवतो. कोंडाईबारी घाटातही मालमोटारींची गर्दी असते, म्हणून तो उजेडात पार करावा. साक्री किंवा धुळ्याला मुक्काम करून सकाळी निघालात तर आई ताज्यातवान्या गावात पोहोचतील.

मे महिना डोक्यातूनच काढून टाका. पावसाळ्यात पाड्यांचे कच्चे रस्ते चिखलाचे असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून भात निघालेला असतो, तूर उभी असते आणि माणसे खळ्यावर भेटतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाताळासाठी बाहेरगावी गेलेले सारे घरी परततात, त्यामुळे नातेवाईक शोधायला तो आठवडा सर्वांत उत्तम. मात्र दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा असते, तेव्हा शहादा-नंदुरबारकडची निवासस्थाने आधीच भरतात, म्हणून खोल्या लवकर ठरवाव्यात. मुले कंटाळली तर त्यांना नवापूरचे रेल्वे स्थानक दाखवा. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे.

उत्तर : रंगावलीकाठ

ताई, बुडीत क्षेत्राची शंका गावाच्या नावावरून लगेच मिटेल. ते नाव येथे जाहीर न लिहिता मला खासगी संदेशात कळवा. येत्या रविवारी आमच्या मंडळीत त्या बाजूचे लोक येतात. त्यांना विचारून तुमच्या गावच्या पाळकांचा आणि पोलीस पाटलांचा क्रमांक, त्यांची परवानगी घेऊन, तुम्हाला पाठवतो. मावशींकडून जन्मनाव समजले की तेही कळवा.