मदत हवी आहे: जीएनएमच्या मुलींना चॅटजीपीटी वापरू द्यायचं, पण कसं?

नमस्कार मंडळी,

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, विद्यार्थिनींना शिकवते. या कोर्सला कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीही येतात. मराठी माध्यमातल्या मुलीला फिजिऑलॉजीचं इंग्रजी पुस्तक सुरुवातीला अजिबात झेपत नाही. आता तीच मुलगी घरी चॅटजीपीटीला मराठीतून किडनीचं काम विचारते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शंका घेऊन येते. त्यामुळे सरसकट बंदी मला पटत नाही.

अडचण येते ती केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात. आजाराचं नाव टाकलं की नर्सिंग डायग्नोसिसपासून इव्हॅल्युएशनपर्यंत सगळं तयार. वाचायला छान, पण तो त्या खाटेवरच्या पेशंटचा नसतोच. त्याचा श्वास कधी लागतो, रात्री जवळ कोण असतं, हे बोलल्याशिवाय कळणार कसं?

त्याहून जास्त काळजी चॅटबॉटकडून करून घेतलेल्या डोसच्या हिशेबाची वाटते. इन्सुलिनच घ्या. आपल्या वॉर्डात बहुधा ४० युनिट प्रति मिलीची बाटली असते, सोबत लाल टोपणाची सिरिंज. अमेरिकेत सर्रास १०० युनिटची. २० युनिट द्यायचे तर आपल्या बाटलीतून ०.५ मिली लागतात, तिकडच्या हिशेबाने ०.२ मिली. बाटली आपली आणि हिशेब तिकडचा झाला तर पेशंटला जेमतेम ८ युनिट मिळतील! सलाइनचंही तेच. ५०० मिली ८ तासांत सोडायचं तर मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब, १५ च्या सेटवर १६. सेटच्या पाकिटावर काय छापलंय ते चॅटबॉटला दिसत नाही. ते बघायची सवय मुलींना वॉर्डातच लागायला हवी.

कुणी केअर प्लॅनची पद्धत बदलली आहे का? कच्चा मसुदा पेशंटजवळ बसून हाताने लिहून घ्यायचा आणि मार्क तोंडी परीक्षेवर जास्त ठेवायचे, असं माझ्या डोक्यात आहे. साठ मुलींच्या बॅचला ते जमतं का?

दुसरं, चॅटबॉटला मराठी बोलणारा पेशंट बनवून हिस्ट्री घ्यायचा सराव कुणी करून घेतलाय का? ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात कळ येते’ असं बोलणारा पेशंट हवा आहे. चॅटबॉटला द्यायची तशी सूचना (प्रॉम्प्ट) तयार असेल तर कृपया इथे टाका.

आणि केस पेपरचा फोटो काढून थेट अपलोड करणं कसं थांबवलंत? नाव, नोंदणी क्रमांक सगळं जातं त्यात. तुमच्या कॉलेजात यासाठी लेखी नियम असेल तर त्याचा मजकूर वाचायला आवडेल. पुढची क्लिनिकल पोस्टिंग सुरू होण्याआधी मला आमचा नियम लिहून प्राचार्यांना द्यायचा आहे.