घरच्यांच्या दुःखावर सिनेमा काढावा का? मिया हान्सन-लव्हच्या निमित्ताने

शेवंती
काल 'वन फाइन मॉर्निंग' (२०२२) दुसऱ्यांदा पाहिला. सुरुवातीलाच नायिका सँड्रा वडिलांच्या फ्लॅटबाहेर उभी आहे. वडील आत आहेत, पण त्यांना दार उघडता येत नाहीये. काय करायचं ते ती बाहेरून समजावून सांगते, आवाज जराही चढू देत नाही. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. आता बेन्सन सिंड्रोम झालाय, म्हणजे डोळे धड आहेत, पण समोर काय आहे हे मेंदूला उमगत नाही. आयुष्यभर वाचन केलेल्या माणसाला वाचता येईनासं होतं.

हे दार मी माहेरी अनुभवलंय, म्हणून लिहायला बसले.

दिग्दर्शिका मिया हान्सन-लव्ह. जन्म १९८१, पॅरिस, आईवडील दोघंही तत्त्वज्ञान शिकवणारे. सतरा वर्षांची असताना फ्रेंच दिग्दर्शक ऑलिव्हिए असायासच्या सिनेमात छोटी भूमिका, २००० साली त्याच्याच आणखी एका सिनेमात. मग नाट्यशाळेत गेली, ती सोडली, 'काइए द्यु सिनेमा' या फ्रेंच सिनेमासिकात समीक्षा लिहिली आणि सव्विसाव्या वर्षी पहिला सिनेमा केला. त्याला पदार्पणाचा लुई देल्युक हा फ्रेंच सिनेपुरस्कार दिग्दर्शिका सेलीन सियामाच्या पहिल्या सिनेमासोबत विभागून मिळाला. 'थिंग्ज टू कम'साठी २०१६ मध्ये बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं.

तिचे बहुतेक सिनेमे घरातून आलेत. 'थिंग्ज टू कम' आईवरून, 'ईडन' डीजे भावावरून, 'बर्गमन आयलंड' दोन दिग्दर्शकांच्या संसारावरून आणि हा वडिलांच्या आजारपणावरून. माझ्या मते तिची ताकद यातच आहे. तुम्हाला काय वाटतं?

मुसाफिर
शेवंतीताई, सिनेमा उत्तम आहे. पण मला तो पाहताना अवघडल्यासारखं झालं. 'ईडन'ला माझा आक्षेप नाही, भाऊ स्वतः सहलेखक होता. आईचं म्हणाल तर तीही स्वतःची बाजू सांगू शकते. पण ज्याला दार कुठे आहे ते कळत नाही, तो परवानगी काय देणार? आपले वडील आजारी असताना पाहुण्यांना खोलीत सोडायचं की नाही यावरही आपण दहा वेळा विचार करतो. इथे सगळ्या जगाला आत घेतलंय.

आणि हे नवीन नाही. 'फादर ऑफ माय चिल्ड्रन' (२००९) निर्माता अंबेर बालसांवर बेतलेला आहे. हा माणूस तिचा पहिला सिनेमा करणार होता. कर्जात बुडाला आणि २००५ मध्ये त्याने जीव दिला. चार वर्षांत सिनेमा तयार, कान महोत्सवात 'अँ सर्तँ रगार' विभागाचा विशेष ज्युरी पुरस्कारही मिळाला. त्याच्या घरच्यांचं काय? ज्याने आपल्याला हात दिला त्याचं मरण आपण पडद्यावर मांडावं, हे मला पटत नाही.

पानगळ
मुसाफिर यांच्याशी सहमत. लेखकांच्या घरात राहणाऱ्यांना हा त्रास पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याकडे आत्मचरित्रांवरून किती घरं दुखावली ते आठवा.

शेवंती
मुसाफिर, तो सिनेमा पुन्हा बघा. नावं बदललेली आहेत, पण मी त्यावर बोट ठेवणार नाही, ओळखणाऱ्याला ओळखता येतंच. त्याची बांधणी बघा. सुरुवातीला हा माणूस सतत मोबाइलवर असतो, रस्त्यात, गाडीत, पोरींच्या गराड्यात. सिनेमा मध्यावर येतो आणि तो मरतो. दुसरी कोणी असती तर तो मृत्यू शेवटाला ठेवून आपल्याला रडवून घरी पाठवलं असतं. ही पुढे अख्खा अर्धा सिनेमा बायको आणि तीन मुलींबरोबर थांबते. कंपनी वाचते का, अर्धवट सिनेमांचं काय होणार, देणेकरी काय म्हणतात.

बालसांबद्दल 'कर्जबाजारी निर्मात्याची आत्महत्या' एवढंच मागे राहिलं असतं. तरुणपणी फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँच्या 'लान्सलो' सिनेमात काम केलेला, पुढे युसुफ शाहीन आणि एलिया सुलेमान या अरब दिग्दर्शकांच्या सिनेमांमागे उभा राहिलेला माणूस होता तो. तसल्या माणसाचा उत्साह, पोरींवरचा जीव, सगळं तिने ठेवलंय. याला मी मरण मांडणं म्हणत नाही.

परवानगीचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

माडाखाली
मी पेडण्याचा. मला वेगळ्याच गोष्टीचा राग आहे. तुम्ही सगळे तिच्या पॅरिसच्या घरात फिरताय, ती आमच्या गोव्यात येऊन गेली त्याचं काय? 'माया' (२०१८) पाहिलात? सीरियात ओलीस राहिलेला फ्रेंच पत्रकार सुटतो आणि लहानपण जिथे गेलं त्या गोव्यात येतो. इथे त्याच्या धर्मपित्याची कोवळ्या वयाची मुलगी, माया. दोघांचं बोलणं इंग्रजीत. त्याची जखम आपल्याला तपशिलात कळते, मग तो भारतभर भटकून येतो. मायाला काय हवंय ते शेवटपर्यंत धड कळत नाही. ती त्याच्या बरं होण्याचं औषध आहे.

घरातल्या माणसांबद्दल ती जे जाणते त्यातलं काही आमच्याबद्दल जाणत नाही. गोवा म्हणजे तिच्या लेखी स्कूटर, पाणी आणि शांतता. माझ्या गावात जमिनींवरून भाऊ भावाशी बोलत नाही.

शेवंती
दादा, 'माया'ची बाजू मी घेणार नाही. मलाही ती मुलगी अर्धीच लिहिलेली वाटली. पण मग माझंच म्हणणं खरं ठरत नाही का? घराबाहेर पडली की तिचा हात सुटतो.

माडाखाली
ताई, तसं नाही. घराबाहेर बघता येत नसेल तर मोठी दिग्दर्शिका कशी म्हणायची? तिची माणसं बघा. प्राध्यापक, निर्माते, दिग्दर्शक, दुभाषी. दुःख झालं तरी भिंतभर पुस्तकं असलेल्या घरात होतं.

शेवंती
भिंतभर पुस्तकांवर मात्र मी भांडणार. 'थिंग्ज टू कम'मध्ये नवरा दुसऱ्या बाईसाठी घर सोडतो. नायिका झालेली इझाबेल उपेर रडून ओरडून घर डोक्यावर घेत नाही. ती कपाटाशी जाते आणि तिथे खिंडारं दिसतात, तिची टिपणं असलेली पुस्तकंसुद्धा तो घेऊन गेलाय. पंचवीस वर्षांचा संसार मोडला म्हणजे नेमकं काय झालं, ते मला त्या रिकाम्या जागा बघून कळलं. श्रीमंती दाखवायला ठेवलेली पुस्तकं नाहीत ती.

'वन फाइन मॉर्निंग'मध्ये वडिलांना एका वृद्धाश्रमातून दुसऱ्यात हलवतात आणि घर रिकामं करायची वेळ येते. वडील जिवंत आहेत आणि पुस्तकं वाटायची आहेत. तिथे बसलेल्या माणसापेक्षा या पुस्तकांत मला ते जास्त भेटतात, अशा अर्थाचं सँड्रा म्हणते.

आम्हीही बाबा असतानाच पुस्तकं काढली. गावातल्या वाचनालयाने दोन खोकी घेतली, बाकीची रद्दीवाल्याने किलोवर नेली. बाबा शेजारच्या खोलीत बसून विचारत होते, कोण आलंय? मी म्हटलं, गॅसवाला.

मुसाफिर
ताई, हे वाचून थांबलो जरा.

आक्षेप मागे घेत नाही. एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या बाबांना न विचारता तुम्ही आत्ता हे इथे लिहिलंत. त्यांना आवडलं असतं?

शेवंती
नसतं आवडलं. बाबा घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. लिहून झाल्यावर दोनदा पुसलं आणि मग तसंच ठेवलं. गॅसवाल्याचं खोटं मी आजवर भावालाही सांगितलेलं नाही. सँड्राला ते कपाट आवरताना पाहिलं नसतं तर इथेही लिहिलं नसतं.

माडाखाली
'फादर ऑफ माय चिल्ड्रन' मी पाहिलेला नाही. या रविवारी बघतो, मग बोलू. 'माया'बद्दल मत तेच.