पेशीबाह्य जाळे आणि गोव्यातील मधुमेह

पेशीबाह्य जाळे, म्हणजे पेशींभोवती असलेले प्रथिने इत्यादींचे जाळे, हा पेशींच्या मधल्या जागेतील निव्वळ भराव आहे, हे मत मला मान्य नाही. पेशींना आधार देण्याबरोबरच हे जाळे त्यांच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन प्रथिनांमार्फत वाढावे, सरकावे की मरावे, याचे संकेतही पोहोचवते. आपल्या गोव्यात याचा विचार मधुमेहाच्या संदर्भात व्हायलाच हवा, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहविषयक पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, याच राज्यात आढळले. रक्तातील जादा साखर या जाळ्यातील कोलाजेन या मुख्य प्रथिनाच्या तंतूंना चिकटते आणि कालांतराने त्यांना एकमेकांशी कायमचे जखडून टाकते. त्वचेतील निम्मे कोलाजेन बदलण्यासच सुमारे १५ वर्षे लागत असल्यामुळे (कूर्चेत तर त्याहून कितीतरी अधिक) हे नुकसान साचत जाते, आणि पुढे साखर आटोक्यात आली तरी ते लगेच भरून निघत नाही. मधुमेहात धमन्या ताठर होणे आणि खांदा आखडणे यांमागे या प्रक्रियेचाही हात असतो. मूत्रपिंडातील गाळणीचा तळपडदा (पेशीबाह्य जाळ्याचाच एक पातळ थर) जाड होण्यातही तिचा वाटा असतो. म्हणूनच आखडलेल्या खांद्यावर केवळ तेल चोळत न बसता रक्तातील साखर तपासून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.