पायरी कसली, लॅन्सबरी तर उलटा उतरला

"ब्रिटनमध्ये नगरसेवकपद ही खासदारकीची पहिली पायरी, वर गेला की माणूस गल्ली विसरतो" असं म्हटलं जातं. बऱ्याच जणांबाबत खरंही असेल, पण ब्रिटनच्या मजूर पक्षाचा पुढारी जॉर्ज लॅन्सबरी याला हे अजिबात लागू पडत नाही. पूर्व लंडनच्या पॉप्लरमध्ये तो 1903 पासून नगरसेवक. 1910 मध्ये खासदार झाला आणि दोनच वर्षांत, स्त्रियांच्या मताधिकारासाठी, राजीनामा देऊन पोटनिवडणुकीला उभा राहिला. हरला. पुन्हा संसदेत जायला 1922 उजाडलं.

त्याचं सगळ्यात मोठं काम या मधल्या काळातलं आहे. पॉप्लर गरीब; घरभाडी कमी, म्हणून करही कमी जमायचा, आणि बेकारांना पोसायचा भार मात्र श्रीमंत वस्त्यांपेक्षा कितीतरी जास्त. 1921 मध्ये पॉप्लरच्या नगरपालिकेने लंडन काउंटी काउन्सिलला (साऱ्या लंडनचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला) द्यायचा कराचा हिस्सा गोळा करायलाच नकार दिला. 30 नगरसेवक तुरुंगात गेले, पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. नगरपालिकेच्या सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरत आणि त्यासाठी बायकांना हॉलोवेहून आणत! सहा आठवड्यांनी सुटका झाली आणि गरिबांच्या मदतीचा खर्च साऱ्या लंडनमध्ये वाटून घेणारा कायदा आला. पण लॅन्सबरीची सून मिनी, तीही नगरसेविका, सुटकेनंतर तीनच महिन्यांत, 32 व्या वर्षी गेली. मला तिचं नाव या चर्चेत यायलाच हवं असं वाटतं.

पुढे तो मंत्री झाला, 1932 ते 35 मजूर पक्षाचा नेताही.