सुंठ-काकवीचं घर: तुमच्या हातून कसं उभं राहिलं?

गंगापूर रोडहून

मागच्या डिसेंबरमध्ये मी आणि माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने पहिल्यांदा जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठ-मसाल्याच्या कडक बिस्किटांचं घर केलं. माझी बहीण जर्मनीत असते. तिच्या मुलांनी केलेल्या घराचा फोटो आला आणि लेकीने हट्टच धरला. दिवाळीचा किल्ला आवरून महिना झाला होता, पुन्हा काहीतरी उभारायला तिचे हात शिवशिवत होते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंची हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट छापून आल्यावर तिकडे अशी घरं करायची पद्धत पसरली असं मानतात. १८१२ सालच्या त्या गोष्टीत जंगलातलं घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. मसाल्याच्या गोड बिस्किटांची परंपरा मात्र त्याच्या कितीतरी आधीची, न्युरेंबर्ग शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

मसाले सगळे आपल्याच डब्यातले निघाले: सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ. मोलॅसिसच्या जागी काकवी घेतली, रविवार कारंजाजवळ किराणा दुकानात मिळाली. माझं प्रमाण असं: मैदा ४०० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, काकवी अर्धा कप, एक अंडं, सुंठ दोन चमचे, दालचिनी एक चमचा, लवंग पाव चमचा, चिमूट चिमूट जायफळ आणि मीठ. गोळा दोन तास फ्रिजमध्ये, मग ५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून १७५ डिग्रीला १२ ते १५ मिनिटं.

पहिल्या खेपेला मी सवयीने अर्धा चमचा खायचा सोडा घातला. भिंती फुगल्या, कडा गोल झाल्या, दोन भिंती काटकोनात धरल्या तर कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. सोडा खायच्या बिस्किटाला चालतो, भिंतीला नको. दुसऱ्या खेपेला तो वगळला. शिवाय ट्रे ओव्हनबाहेर काढल्या काढल्या पुठ्ठ्याचा साचा वर ठेवून कडा सुरीने पुन्हा सरळ कापल्या. त्यासाठी जेमतेम दोन मिनिटं मिळतात, गार झाल्यावर सुरी लावली की भिंत तडकते. कापलेल्या गरम पट्ट्या लेक ओट्याशी उभी राहून खात होती. सुंठीचा झणका बसला की डोळे गच्च मिटायची आणि पुन्हा हात पुढे.

तुम्ही केलं असेल तर सविस्तर लिहा. पीठ कसलं, चिकटवलं कशाने, छप्पर टिकलं का, शेवटी खाल्लं की ठेवलं. फसलेलंही नक्की लिहा, मला शिकायला मिळालं ते त्यातूनच.

इंदिरानगरहून

आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे माझा सगळा झगडा चिकटवण्याशी झाला. घरासाठी जे रॉयल आयसिंग करतात त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर असते, ते वाळून दगडासारखं होतं. मी दूध, लिंबू आणि पिठीसाखर कालवून लावलं. रात्री दहाला भिंती छान उभ्या होत्या. सकाळी मागची भिंत आत झुकलेली आणि आयसिंग बोटाला अजून ओलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाकाने चिकटव." त्यांनी नणंदेच्या लग्नात रुखवतासाठी साखरेच्या चौकोनी तुकड्यांचं देऊळ केलं होतं, कळसासकट. त्यांनी साखर कोरडीच कढईत वितळवली, गोळीबंद पाकाच्याही पुढे नेली, मधासारखा रंग आल्यावर गॅस बंद. भिंतीची कड त्यात बुडवायची, जागेवर टेकवायची आणि दहा आकडे मोजायचे. भिंत हलत नाही! पण चुकली तर सुधारायला वाव नाही, आणि तो पाक बोटावर पडला तर चिकटून बसतो, खोलवर भाजतं. मुलांना त्या कढईपाशी येऊ देऊ नका. आम्ही जोडकाम दोघींनी केलं, मुलांना सजावटीपुरतं बोलावलं.

सजावटीसाठी छोल्याच्या पाण्याचा उपाय सापडला. काबुली चणे मीठ न घालता शिजवले, पाणी गाळून थोडं आटवलं आणि गार केलं. ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. तीन मोठे चमचे पाणी फेसून त्यात लिंबाचे चार थेंब आणि वस्त्रगाळ पिठीसाखर घालत गेले, शेंडा उभा राहीपर्यंत. वाळल्यावर छोल्यांचा वास अजिबात जाणवला नाही. भांड्यावर ओलं फडकं ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत वर पापुद्रा धरतो आणि कोनाचं तोंड बंद होतं.

देवळाली कॅम्पहून

माझ्याकडे ओव्हन नाही. पण आमच्याकडे नानकटाईचं पीठ मळून बेकरीत न्यायचं आणि भाजून आणायचं हे लहानपणापासून पाहिलेलं. तसंच केलं. सहा भाग घरीच लाटून, कापून, बटर पेपरवर ठेवून परातीत नेले. भट्टीवाल्या चाचांनी आधी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुठ्ठ्याचं घर पिशवीतून काढून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "दुपारी तीननंतर या, पाव निघाल्यावर भट्टी उतरते. आत्ता टाकलं तर जळेल."

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. उतरत्या आचेवर भाग सावकाश भाजले, आतून पार कोरडे झाले, वाजवले तर टक् टक् आवाज यायचा. ओव्हनवाल्यांनीही हे करून बघा: भाजून झाल्यावर आच १५० वर आणून आणखी आठ-दहा मिनिटं ठेवायचं. मऊ भिंत छपराचं वजन पेलत नाही.

घर झाल्यावर मुलगा चाचांना दाखवायला घेऊन गेला. त्यांनी दुकानातल्या टुटीफ्रुटीची मूठभर पुडी बांधून दिली. दारापुढची बाग त्याचीच झाली.

सिडकोहून

मुंग्यांचं काय करता? आमचं घर दुसऱ्या दिवशी सकाळी काळं झालं होतं. मुलगी इतकी रडली की या वर्षी करायचा धीर होत नाही.

शरणपूरहून

सिडकोच्या ताई, धीर सोडू नका. परातीत पाणी घ्या, मधोमध वाटी उपडी ठेवा, वाटीवर पाट आणि पाटावर घर. आई फराळाचे डबे असेच ठेवायची. पाणी रोज बघायचं आणि पाट भिंतीला टेकू द्यायचा नाही.

आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळी, केक हे पिढ्यान्‌पिढ्या आहे, जिंजरब्रेड माझ्या मुलांनी आणलं. मी त्यांना म्हटलं, घर करायचं तर गव्हाणीचं करू. तीन भिंती, समोरची बाजू उघडी, वर उतरतं छप्पर. चार भिंतींच्या घरापेक्षा हे सोपं जातं, कारण आत हात घालून जोड भरता येतात. छपरावर आयसिंगचा बर्फ न घालता शेवया तुपात परतून गवतासारख्या पसरल्या. आत बाळ येशू, मरिया, योसेफ हे आमचे जुने मातीचेच ठेवले. गाणी म्हणायला आलेली मंडळी दारात थांबून आधी सुंठीचा वास घ्यायची, मग पेटी सुरू व्हायची.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही ते मोडून वाटतो. तोवर ते इतकं कडक होतं की चहात बुडवूनच खावं लागतं, पण आमच्या सगळ्यांना आता तीच चव हवी असते.

निफाड तालुक्यातून

मी दोनदा केलं, एकदा जुलैत मुलाच्या वाढदिवसाला आणि एकदा डिसेंबरात. पीठ तेच, हात तेच. जुलैतलं तिसऱ्या दिवशी बसलं. आधी आयसिंगला घाम आल्यासारखं दिसलं, मग छप्पर मधोमध खोलगट झालं, संध्याकाळी दोन्ही बाजू घसरून खाली. साखर आणि काकवी हवेतली ओल ओढून घेतात, गूळ पावसाळ्यात कसा पाझरतो ते आपण बघतोच. आमच्या निफाडची डिसेंबरातली थंडी द्राक्षबागांना कापरं भरवते, पण घर त्या कोरड्या हवेत तीन आठवडे ताठ उभं होतं. पावसाळ्यात करायचंच असेल तर काकवी कमी घ्या, भिंती जास्त भाजा आणि दोन दिवसांत संपवा.

खिडक्यांचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त आनंद त्यांनी दिला. भिंतीत खिडकी आधीच कापायची. पारदर्शक रंगीत गोळ्या खलबत्त्यात जाडसर कुटायच्या. भिंत भाजत आली की शेवटच्या चार-पाच मिनिटांसाठी तो चुरा खिडकीत भरून ट्रे परत आत. चुरा वितळून काच होते. पूर्ण गार होईपर्यंत बटर पेपरवरून उचलायचं नाही. मी गोळ्या रावळगावच्या घेतल्या, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगाव तालुक्यातल्या त्या गावी साखर कारखाना उभा केला. माझे वडील बाजारातून परतताना खिशातून त्याच गोळ्या काढायचे. अंगणातली पायवाट घरच्या बेदाण्यांची केली. रात्री आत सेलवर चालणारा छोटा दिवा ठेवला, तेव्हा लाल आणि हिरवा उजेड ओट्यावर पडला आणि वडील बराच वेळ तिथेच खुर्ची टाकून बसले.

नाशिकरोडहून

मी प्राथमिकच्या वर्गाला शिकवते. भाजणं शक्य नव्हतं म्हणून पार्ले-जीची घरं केली. प्रत्येकाला आधी दुधाचा रिकामा खोका दिला, त्याला बाहेरून आयसिंगने बिस्किटं चिकटवायची. एकही पडलं नाही. आयसिंग घट्ट ठेवा, पातळ झालं की बिस्किट ओल धरून मोडतं. कुणी बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांची कौलं केली, एकीने दारात रांगोळी घातली.

पंचवटीहून

आमचा वाडा पाडून तिथे आता इमारत झाली आहे. आजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, खाली फारसे उतरत नाहीत. मी आर्किटेक्चर शिकतोय. मागच्या वर्षी ठरवलं की जिंजरब्रेडचा वाडाच करायचा.

कागदावर नकाशा काढायला बसलो आणि आजोबा शेजारी येऊन बसले. "जिना इथे नाही, डावीकडे. अकरा पायऱ्या होत्या." चौकाची लांबी त्यांनी हाताने टेबलावर मोजून दाखवली. देवघराच्या कोनाड्यावर आमचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी आत्याला फोन लावला. साच्यांनाच चार दिवस गेले. एकूण २३ भाग भाजले, त्यातले चार फुटले. फुटलेले वाया घालवले नाहीत, आयसिंगने सांधून मागच्या बाजूला लावले.

चौकाच्या वाड्याला एक अडचण येते. आतल्या भिंती आधी जोडाव्या लागतात, नाहीतर नंतर हात पोचत नाही. आत दाळीच्या वाट्या आधाराला ठेवून पूर्ण रात्र जाऊ दिली, मग बाहेरच्या भिंती, आणि छप्पर तिसऱ्या दिवशी. छपराची घाई अजिबात करू नका. कौलं बदामाच्या कापांची, खालच्या ओळीपासून वर लावत गेलो, म्हणजे खऱ्या कौलांसारखी एकावर एक बसतात. आईने एका संध्याकाळी दोनशेच्या वर बदाम कापले. सज्जाचं लाकडी कोरीवकाम कोको घातलेल्या आयसिंगने बारीक कोनातून काढलं. दिंडी दरवाजाला कमानही केली.

तुळशी वृंदावन आजोबांनी स्वतः केलं. साखरेचे चार तुकडे, वर हिरव्या बडीशेपेचे दाणे. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे दाणे एकेक करून लावायला पाऊण तास लागला. आम्ही कुणीही मध्ये हात घातला नाही. संक्रांतीला वाडा मोडायचा ठरलं तेव्हा त्यांनी ओट्याचा तुकडा मागून घेतला. तिथे बसून ते पेपर वाचायचे. बाकीचा वाडा तिळगुळासोबत मजल्यामजल्यावर वाटला.

गंगापूर रोडहून

पंचवटीकर, तुमच्या दिंडी दरवाजाची कमान कशी केली तेवढं सांगा. लेक ते वाचून मागेच लागली आहे. कमान वाकवायला गेलो की आमची तुटते.

पंचवटीहून

भाजल्यावर नाही वाकवायची. पट्टी कच्ची असतानाच, बाहेरून तेल लावलेल्या आडव्या स्टीलच्या पेल्यावर पसरायची आणि पेल्यासकट भाजायची. पेला गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना फॉइलचे बोळे लावा. काढायची मात्र कोमट असताना, हलक्या हाताने, पेला आतून सरकवत.