घरच्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करायची आहे : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – खानापूरवासी

नमस्कार. गडहिंग्लजला माझ्या मामांच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षे एकाच जागी उभी आहे. मामा आता नाहीत. मामी आणि मामेभाऊ यांनी ती मला द्यायचे ठरवले आहे. भंगारवाले दारात येऊन चौकशी करून गेले तरी त्यांनी ती विकली नाही, कारण आम्हा सगळ्या भावंडांना आजऱ्यावरून आंबोलीला नेणारी तीच गाडी होती. ती पुन्हा रस्त्यावर यावी, ही माझीही मनापासून इच्छा आहे.

माझे घर कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आहे. घराला लागून कोबा केलेली, पत्र्याच्या छपराची आणि तीन बाजूंनी बंद अशी जागा आहे. शेतीपंपाचे डिझेल इंजिन आणि मोटारसायकल मी स्वतः खोलून जोडतो, त्यामुळे पाने-पकडी घरात आहेत; वेल्डिंग मात्र मला येत नाही. इंजिन जाम असून पंखा हाताने ओढूनही फिरत नाही, चारही टायर बसले आहेत, आणि डाव्या दरवाज्यांखालची पट्टी अंगठ्याने दाबली तर आतून करकर आवाज येतो. काचा, आसने आणि मीटर शाबूत आहेत.

हात आधी इंजिनाला घालावा की पत्र्याला? गाडी पूर्ण खोलून टाका, असे एक जण सांगतात. आधी चालू तर करा, असे दुसरे सांगतात. कोणते काम घरी करावे आणि कोणते बाहेर द्यावे? शिवाय नंबर महाराष्ट्राचा आहे, तोही तीन अक्षरांचा जुना. गाडी सीमेच्या या बाजूला आणल्यावर कागदपत्रांचे काय करावे लागते?

उत्तर – टिंकर, शहापूर (बेळगाव)

आधी पत्रा, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्मिनी ही मूळ इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत असे. तिला जीपसारखी वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि मधले खांब मिळूनच गाडीचे सगळे वजन पेलतात. म्हणून तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला तो करकर आवाज वाटतो. इंजिन बाहेर काढून नवे करून आणता येते. गाडीचा सांगाडा मात्र जागच्या जागीच दुरुस्त करावा लागतो, आणि तो दुरुस्त होण्यासारखा नसेल तर इंजिनावर केलेला खर्च वाया जातो.

गाडी गडहिंग्लजहून उचलण्यापूर्वीच तिथे जाऊन तपासणी करा. लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडा, पुढच्या मडगार्डचा मागचा भाग आणि चाकांच्या कमानी यांवरून फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, असे समजा. मग पायाखालचे रबर आणि त्याखालचा काथ्या पूर्ण काढून बोथट पेचकसाने तळ टोकरून पाहा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे टोक जिथे बॉडीला बोल्टने बसते ती जागा, जॅक लावण्याची जागा, डिकीत स्टेपनीखालचा खोलगट भाग आणि पुढच्या काचेच्या रबराखालची खोबण या ठिकाणी पाणी साचते. तळाला चार भोके असणे ही काळजीची गोष्ट नाही. पाट्यांचा आधारच कुजलेला असेल, तर मात्र होकार देण्यापूर्वी अनुभवी टिंकरला, म्हणजे गाडीच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला, सोबत नेऊन दाखवा.

पट्टी बदलताना एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. गाडी कोब्यावर समतल ठेवून, दार उघडून, त्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्डिंगचे टाके मारून पक्का करावा आणि मगच जुनी पट्टी कापावी. दोन्ही बाजू एका वेळी कधीही कापू नयेत, कारण आधार सुटला की बॉडी मध्ये खचते आणि त्यानंतर दार आपल्या चौकटीत नीट बसत नाही. गंजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवून देणारे अनेक जण भेटतील. त्यांना नकार द्या. चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापून तिथे कड जुळवून वेल्डिंग झाले पाहिजे, आणि ते सीओटू वेल्डिंगने व्हावे, कारण गॅसच्या मोठ्या ज्योतीने पातळ पत्रा वाकतो. हे काम तुम्ही कारागिराला घरी बोलावून करून घ्या. रंग काढणे, गंज घासणे आणि सुटे भाग उतरवणे ही कामे मात्र स्वतः करा. मजुरीचा मोठा भाग तिथेच वाचतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवून, आसने आणि छताचे कापड काढून, पेट्रोलची टाकी शेडच्या बाहेर लांब नेऊन ठेवावी. रिकाम्या टाकीतसुद्धा वाफ असते आणि ती ठिणगीला पुरते.

खानापूरच्या पावसात उघडा घासलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. जेवढा भाग त्या दिवशी घासला तेवढ्याला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. साधा करडा प्रायमर हवेतले पाणी शोषून घेतो आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो. शेवटचा रंग दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावरच मारावा. त्यानंतर पट्ट्यांच्या पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा द्यावा आणि खालची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत याची खात्री करावी. या पट्ट्या कुजण्याचे मूळ कारण ती बुजलेली छिद्रेच असतात.

पूर्ण गाडी एकदम खोलण्याचा सल्ला मला पटत नाही. आमच्याकडे पोत्यांत भरून येणाऱ्या गाड्या बहुधा परत जोडल्या जात नाहीत. एक भाग काढावा, त्याचे फोटो घ्यावेत, त्याचे बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवावेत, आणि तो पूर्ण झाल्यावरच पुढचा हाती घ्यावा.

उत्तर – यंत्रशाळा, उद्यमबाग

पत्र्याबद्दल वर जे लिहिले आहे ते सर्व मान्य आहे. फक्त एक भर घालतो : वेल्डिंग सुरू होण्यापूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून घ्यावेत. पुढचा भाग हलका होतो, आतली बाजू दिसते, आणि टिंकर पत्र्यावर काम करीत असताना इंजिनाचे काम आमच्यासारख्यांकडे समांतर चालू राहते.

इंजिन जाम आहे म्हणजे निकामी आहे असे नाही. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात गंज सोडवणारे तेल आणि थोडे गिअर तेल घालून काही दिवस मुरू द्यावे. मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या नटावर लांब पाना लावून पुढे-मागे अगदी हलका झोका द्यावा. स्टार्टर मारू नये आणि गाडी दुसऱ्या वाहनाने ओढून तर मुळीच सुरू करू नये, कारण चिकटलेल्या रिंगा मोडतात आणि सिलिंडरला चरे पडतात. इंजिन फिरू लागले तरी लगेच चालू करण्याची घाई करू नका. ऑइल चेंबर उतरवून तळाचा गाळ पाहा आणि बेअरिंगच्या वाट्या काढून नखाने तपासा. नख अडकेल एवढी रेघ असेल तर क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागेल.

हे इंजिन १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची चाल) आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे पाण्याच्या वाटा जिथे दोन्हींतून जातात तिथे ॲल्युमिनियम खाल्लेले आढळते. हेड काढल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते वाकले आहे का, हे पाहावे आणि गरजेपुरतेच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घ्यावे. बोअर मारायची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करायची, वेळ आली तर आधी ओव्हरसाइज (मापाने मोठे) पिस्टन मिळवा आणि ते ब्लॉकबरोबर आणून द्या. पिस्टन हातात घेऊन, मोजून, त्याच्या मापाने बोअर मारला जातो. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधत फिरणाऱ्यांची फार अडचण होते. बोअर, क्रँक, हेड ही कामे बेळगावात उद्यमबागेत आणि कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात होतात. इंजिन जोडणीचे काम, तुमच्याकडे टॉर्क पाना असेल तर, तुम्ही घरीच करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. इतकी वर्षे टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीचे सामान कुर्ला आणि ऑपेरा हाउस परिसरात शोधणे वाया जात नाही. बेंगळुरूला जे. सी. रोडवरही चौकशी करा.

पेट्रोलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, आणि या गाडीचे मूळ रबर त्यासाठी बनलेले नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचेच घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका.

उत्तर – निपाणीकर

कागदपत्रांचे लिहितो, कारण सीमाभागात नातेवाइकांकडून गाडी घेणाऱ्यांची खरी अडवणूक इथेच होते. गाडी मामांच्या नावावर असेल तर प्रथम फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून ती मामींच्या किंवा मामेभावाच्या नावावर झाली पाहिजे. मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. नोंदणी पुस्तकाच्या स्वरूपातली असल्यामुळे ती संगणकावर बहुधा नसेल. मूळ आरटीओत बॅकलॉग नोंद (जुन्या नोंदणीची संगणकावर नोंद) करून घेतल्याशिवाय पुढचा कोणताही ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. त्यानंतर तिथूनच फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा.

गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुम्हाला फॉर्म २७ आणि कर्नाटकाचा कर भरून, तुमचा तालुका बेळगाव आरटीओकडे असल्याने, केए २२ मालिकेतला नंबर मिळेल. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ ने तिचे नूतनीकरण होते. त्या वेळी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते आणि हरित करही भरावा लागतो. वीस वर्षांवरील मोटारगाडीसाठी नूतनीकरणाचे शुल्क २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले आहे, ते अंदाजपत्रकात धरा.

काही जण तुम्हाला व्हिंटेज नोंदणी सुचवतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांहून जुन्या गाडीलाच मिळते, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. १९८४ च्या गाडीसाठी तो मार्ग आज बंदच आहे.

टिंकरकडे गाडी देताना चासी नंबर ठोकलेली जागा घासली जाणार नाही, तिच्यावर लांबी बसणार नाही, हे स्वतः उभे राहून पाहा. इंजिनाचा ब्लॉक बदलला तर त्याच्या नंबराची नोंदही आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) करून घ्यावी लागते. हे दोन नंबर जुळले नाहीत तर गाडी कितीही सुंदर झाली तरी तपासणीत अडकते.

प्रतिसाद – खानापूरवासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामेभावाशी बोललो, नोंदणी पुस्तक सापडले आहे आणि वारसनोंदीच्या अर्जाला तो लागला आहे. पत्र्याची तपासणी मी टिंकरला सोबत नेऊनच करेन. एक शंका उरते. गाडी ट्रकवर चढवण्यापूर्वी ती ढकलून अंगणात आणावी लागेल, आणि मागची चाके अजिबात हलत नाहीत. ती सोडवायची कशी?

उत्तर – टिंकर, शहापूर (बेळगाव)

प्रथम हँडब्रेक पूर्ण सैल करा आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करा. तरीही चाके अडली तर ब्रेक लायनर ड्रमला धरले आहेत. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवा. विटांवर किंवा दगडांवर ठेवू नका, वीट अचानक फुटते. चाक काढून ॲडजस्टर सैल करा आणि ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा धरून सगळीकडून सारखे टोले द्या. ड्रम बिडाचा आहे, त्यावर थेट हातोडा मारू नका. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असते, म्हणून ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी.

ड्रम निघाल्यावर व्हील सिलिंडरचे रबर उचलून पाहा. तिथे तपकिरी पाणी आणि खड्डे दिसतील तर चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि ब्रेकच्या लवचीक नळ्या नव्या घ्यायच्या, असे आत्ताच ठरवून टाका. ट्रकवर चढवताना गाडीला ब्रेक नसतील. म्हणून ती दोराने मागून धरून, ओंडका हातात घेतलेला एक माणूस चाकाशेजारी ठेवून हळूहळू न्यावी, आणि उतारावर कोणीही तिच्या पुढे उभे राहू नये.