कीपॅडचं कुलूप घ्यायचंय, नेमकं काय बघू?

मधुरा_क
दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप लावायचा विचार चाललाय. घरात माणसं जास्त आणि किल्ल्या कमी. सासूबाईंना ॲप वगैरे भानगड नको, त्यामुळे साधं कीपॅडच हवं. शंका अशा: सेल काढले की कोड पुसला जातो का? मध्येच संपले तर बाहेर अडकू का? आणि झिजलेल्या बटणांवरून कोड ओळखता येतो म्हणतात, ते कितपत खरं? दार लाकडी आहे, सध्या गोल मुठीचं कुलूप आहे.

खटका
कोड पुसला जात नाही. तो चिपच्या ज्या मेमरीत असतो ती विजेविना टिकते.

आतलं काम तसं सोपं आहे. १२ बटणांना १२ वायरी नसतात. ४ ओळी आणि ३ रकाने अशी ७ वायरींची जाळी असते. चिप ओळींना आळीपाळीने सिग्नल देते आणि तो कुठल्या रकान्यातून परत येतो ते बघते, त्यावरून बटण कळतं. दाबताना संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, म्हणून जरा थांबून पुन्हा खात्री केली जाते. नाहीतर एकदा दाबलेला ५ दोनदा मोजला जाईल. कोड जुळला की मोटरला वीज मिळते.

घेताना खरं बघायचं ते यापुढे. ही मोटर करते काय? बऱ्याच कुलपांत ती दांडा ओढतच नाही. बाहेरची मूठ एरवी नुसतीच गरगर फिरते. मोटर फक्त छोटा क्लच, म्हणजे मूठ आणि लॅच यांच्यातला दुवा, जोडते आणि लॅच तुम्ही तुमच्या हाताने मागे ओढता, त्यामुळे सेल खूप टिकतात. दुसऱ्या प्रकारात मोटर स्वतः जाड दांडा सरकवते. दार चौकटीला घासत असेल तर ती दरवेळी कण्हते आणि सेल खाते. लाकडी दार फुगतं, म्हणून मी तुम्हाला क्लचवालंच सुचवेन.

गणिती_गोंधळ
झिजलेल्या बटणांचं खरं आहे. ४ आकडी कोडच्या १०,००० शक्यता. पण नेमकी चार बटणं चकाकताना दिसली, तर उरतात फक्त २४. गंमत म्हणजे तीनच झिजलेली असतील तर ३६, म्हणजे एक आकडा दोनदा घेतलेला इथे किंचित बराच! दोनच असतील तर मात्र १४. सरळ ६ आकडे घ्या. सहाही वेगळे आणि सहाही ओळखू आले, तरी ७२० जुळण्या होतात. पाच-सहा चुकांनंतर काही मिनिटं गप्प बसणारं कुलूप असेल तर तेवढ्या जुळवत बसायची कोणाची छाती आहे? खऱ्या कोडच्या मागेपुढे खोटे आकडे चालवून घेणारी कुलपंही मिळतात, मागे कोणी डोकावत असेल तर कामाची. जन्मवर्ष मात्र ठेवू नका.

सुतारपक्षी
सेलबद्दल. अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ६ ऐवजी ४.८, त्यामुळे कुलूप नव्या सेललाही ‘संपत आले’ म्हणतं. लिथियमवाले शेवटपर्यंत तग धरतात आणि एकदम कोसळतात, इशारा फार उशिरा मिळतो.

बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टचा सेल टेकवायचे दोन बिंदू आहेत का बघा. टेकवला की कुलूप जागं होतं, कोड तरीही द्यावाच लागतो, त्यामुळे परक्याला त्याचा उपयोग नाही. किल्लीचं छिद्रही असेल तर सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो भाग, चांगला असू द्या. चोर कोडच्या नादी लागत नाही, जे कच्चं असेल तिथून शिरतो.

रात्रपाळी
चुंबकी कुलूप का नाही? झीज नाही, आवाज नाही.

खटका
वीज गेली की ते उघडं पडतं. आगीत माणसं अडकू नयेत म्हणून काही ठिकाणी हाच गुण असतो, पण घराच्या मुख्य दाराला बॅकअप बॅटरी नसेल तर नकोच. शिवाय काही स्वस्त संचांत कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बाहेरच्या पॅनेलमध्येच असतो. पॅनेल उचकटून मागच्या दोन वायरी जोडल्या की दार उघडं, कोड जाऊ दे खड्ड्यात. कोड तपासून दार उघडणारा भाग, म्हणजे कंट्रोलर, आतल्या बाजूला असणारं काहीही चालेल.

मधुरा_क
दार घासतंय खरं, म्हणजे क्लचवालं. किल्लीवालं घेऊ की ९ व्होल्टवालं?

सुतारपक्षी
दोन्ही असलेलं मिळालं तर उत्तम. नाहीतर तुमच्याकडे किल्ल्यांचीच मारामार आहे, ९ व्होल्टवालं घ्या. आणि आधी बिजागऱ्या आवळून दार सरळ करून घ्या. जुनी मूठ काढल्यावर दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, बहुधा ६० किंवा ७० मिलिमीटर भरेल. दाराची जाडीही लिहून घ्या. बसल्यावर कारखान्याचा मूळ कोड बदला आणि पहिली चाचणी दार उघडं ठेवूनच करा.